डॉ. कोटणीस : रणांगणावर थांबून राहिलेला मराठी डॉक्टर

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



आरती आणि प्रसाद यांच्या मधल्या वेळात बोलणाऱ्याने घड्याळाकडे लक्ष ठेवावे, हा आपल्या मंडळाचा जुना शिरस्ता आहे. तो मोडू न देण्याचा आम्ही प्रयत्न करू.

रणांगणावर जखमींची सेवा करणाऱ्या एखाद्या मराठी माणसावर यंदा बोलावे, असे कार्यकारिणीने सुचवले. आम्ही पाटबंधारे खात्यातले, डिप्लोमा केलेले सरकारी नोकर. डॉक्टरी विद्येशी आमचा संबंध मेडिकल बिल मंजूर करून घेण्यापुरताच. पण ज्या माणसाविषयी बोलायचे त्याचे नाव आपल्या सर्वांच्या ओठांवर आहे, आणि त्याच्या गोष्टीची सुरुवात आपल्या सुरत जिल्ह्यात झालेली आहे. म्हणून धाडस केले.

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस. यांचे नाव घेतले की ज्येष्ठांना व्ही. शांताराम यांचा १९४६ सालचा ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ हा चित्रपट आठवतो. कोटणिसांच्या भूमिकेत स्वतः शांतारामबापू आणि चिनी नायिकेच्या भूमिकेत जयश्रीबाई. चित्रपटाने हे नाव घराघरांत नेले, हे त्याचे मोठे उपकार. पण चित्रपट हा चित्रपट असतो. त्यात कथेच्या सोयीने पुष्कळ रंग भरलेले असतात. रंग बाजूला केले तर खाली जो माणूस उरतो, तो आम्हाला जास्त मोठा वाटतो.

आधी एक शब्द समजावून घेऊ. लष्करात ‘फील्ड ॲम्ब्युलन्स’ म्हणतात ती सायरन वाजवत जाणारी गाडी नव्हे. ती एक तुकडी असते. त्यात डॉक्टर असतात, मलमपट्टी करणारे शिपाई असतात, स्ट्रेचर वाहणारे असतात, स्वयंपाकी आणि ड्रायव्हरही असतात. गोळी लागलेल्या जवानाला उचलायचे, जागीच रक्त थांबवायचे, मागच्या ठाण्यावर आणायचे, तिथे जीव वाचण्यापुरती शस्त्रक्रिया करायची आणि मग आणखी मागे मोठ्या इस्पितळात पाठवायचे. ही एक साखळी असते. आम्हा कालव्याच्या माणसांना ती लगेच समजते. मधला एक दरवाजा अडला की पुढच्या शेताला पाणी नाही. जखमीच्या बाबतीत पाण्याऐवजी वेळ असतो. पोटात गोळी लागलेला माणूस चार तासांत टेबलावर आला तर वाचेल, दोन दिवसांनी आला तर नाही. त्यामुळे या तुकडीला लढाईपासून फार दूर राहून चालत नाही. हातात बंदूक नसते, पण तोफगोळा काही बंदूक बघून पडत नाही.

आता सुरत जिल्ह्याकडे येऊ. बारडोली तालुक्यात, कडोदच्या पुढे, तापीच्या काठावर हरिपुरा आहे. कामानिमित्त त्या बाजूला आमचे जाणे-येणे असते. आज शांत असलेल्या त्या गावात फेब्रुवारी १९३८ मध्ये काँग्रेसचे ५१ वे अधिवेशन भरले होते. सरदार पटेलांच्या देखरेखीखाली नदीकाठी एक आख्खे नगर उभे राहिले. त्याला विठ्ठलभाई पटेलांचे नाव देऊन ‘विठ्ठलनगर’ म्हटले गेले. नंदलाल बोस यांनी खेड्यातल्या माणसांची चित्रे काढून ते सजवले. ५१ वे अधिवेशन म्हणून ५१ बैल जोडलेल्या रथातून अध्यक्षांची मिरवणूक निघाली. ते अध्यक्ष होते सुभाषचंद्र बोस. आपल्यापैकी ज्यांची घरे तीन-चार पिढ्यांपासून इथे आहेत, त्यांच्या आजोबा-पणजोबांपैकी कुणी ना कुणी ती मिरवणूक पाहिली असेल.

त्या अधिवेशनात स्वराज्याचे ठराव झाले, तसाच एक ठराव चीनविषयीही झाला. जपानने जुलै १९३७ मध्ये चीनवर चाल केली होती. शहरे पडत होती, माणसे किड्यामुंग्यांसारखी मरत होती. आपण स्वतः पारतंत्र्यात. सैन्य आपले नाही, तिजोरी आपली नाही. तरी हरिपुऱ्यात चिनी जनतेबद्दल सहानुभूती व्यक्त झाली आणि जपानी माल घेऊ नका, असे लोकांना सांगितले गेले. त्याच सुमारास चीनच्या आठव्या मार्ग सेनेचे सेनापती चू ते यांचे पंडित नेहरूंना पत्र आले होते. आमच्याकडे शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर नाहीत, पाठवता आले तर पाठवा, अशी त्यांची मागणी होती.

पुढे ३० जून १९३८ रोजी सुभाषबाबूंनी वर्तमानपत्रांतून आवाहन केले. ७ ते ९ जुलै हे दिवस चीनसाठी निधी गोळा करण्याचे ठरले. २२,००० रुपये जमले. आजच्या हिशेबात ही रक्कम लहान वाटेल, पण ती आण्या-पैशांतून उभी राहिली होती. त्यातून औषधे आणि एक रुग्णवाहिका द्यायची, सोबत डॉक्टर पाठवायचे, असे ठरले. हरिपुऱ्याच्या अध्यक्षाने लावलेले हे रोप, म्हणून आम्ही म्हटले की गोष्टीची सुरुवात आपल्या जिल्ह्यात आहे.

पाच डॉक्टर निवडले गेले. प्रमुख होते अलाहाबादचे डॉ. मदन अटल. स्पेनच्या यादवी युद्धात जखमींची सेवा करून ते नुकतेच आले होते. नागपूरचे डॉ. चोळकर वयाने सर्वांत ज्येष्ठ. कलकत्त्याचे दोघे, डॉ. देवेश मुखर्जी आणि डॉ. विजयकुमार बसू. आणि पाचवे आपले कोटणीस. पाचांत दोन मराठी.

कोटणिसांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० चा, सोलापूरचा. सोलापूर म्हणजे गिरण्यांचे आणि मागांचे गाव. आपल्या सुरतकरांना त्या खडखडाटाची ओळख वेगळी करून द्यायला नको. घर मध्यमवर्गीय, भावंडे पुष्कळ. मुंबईच्या शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून ते डॉक्टर झाले. पुढच्या परीक्षेची तयारी चालू होती. अशा वेळी मराठी घरातल्या आईवडिलांना काय वाटते ते इथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मुलगा शिकला, आता दवाखाना टाकेल, भावंडांना हात देईल, घरावरचा भार उतरेल. आणि मुलगा सांगतो, मी चीनला जातो, लढाईवर.

मुंबईत सरोजिनी नायडूंच्या उपस्थितीत निरोपाचा समारंभ झाला. १ सप्टेंबर १९३८ रोजी ‘राजपुताना’ बोटीने पाचही जण निघाले आणि त्याच महिन्यात कँटनला उतरले. तिथे सन यत्-सेन यांच्या पत्नी सुंग चिंग-लिंग यांनी त्यांचे स्वागत केले. पुढचा प्रवास मात्र पळापळीचा होता. आज जिथे काम सुरू करावे ते शहर महिन्याभरात पडे, की पुढचा मुक्काम. हँकौ, मग यांगत्से नदीने वर, मग चुंगकिंग. प्रत्येकाला चिनी नाव मिळाले आणि प्रत्येकाच्या नावाच्या शेवटी ‘हुआ’ हे अक्षर लावले गेले. हुआ म्हणजे चीन. कोटणिसांचे नाव झाले ‘के दिहुआ’.

चुंगकिंगला असतानाच घरून बातमी आली, की वडील गेले. विचार करा, मंडळी. वय अठ्ठावीस. घर हजारो मैलांवर. मुलगा म्हणून करायचे कार्य मागे, आणि समोर उत्तरेकडे जाण्याची तयारी. घरी परत जा, कुणी काही म्हणणार नाही, असे सहकाऱ्यांनी सांगितले. कोटणीस परतले नाहीत. हा निर्णय बरोबर की चूक, हे आपण इथे खुर्चीवर बसून ठरवू नये. सोलापूरच्या त्या घराने त्याची किंमत मोजली. देशासाठी, माणुसकीसाठी म्हणून जे कुणी जातात, त्यांच्यामागे कुणीतरी घर चालवत असते. पुतळा होतो तो जाणाऱ्याचा. मागे राहिलेल्या आई-बहिणींनाही आज नमस्कार करू.

फेब्रुवारी १९३९ मध्ये ही मंडळी येनानला पोहोचली. पिवळ्या मातीच्या डोंगरांत कोरलेल्या गुहा, हीच तिथली घरे, हीच कचेरी, हेच इस्पितळ. विमानांच्या बाँबफेकीपासून गुहा बऱ्या. वीज नाही, औषधे अपुरी, कापूस आणि पट्ट्या धुऊन पुन्हा वापरायच्या. काही महिने तिथे काम केल्यावर १९३९ च्या अखेरीस अटल, बसू आणि कोटणीस आघाडीकडे निघाले. ठरलेला काळ संपत होता. मुखर्जी आजारी होऊन परतले होते, चोळकरही परतले होते. १९४० मध्ये डॉ. अटलही परतले. राहिले दोघे, बसू आणि कोटणीस.

१९४० च्या उन्हाळ्यात ते शान्सी, चाहार आणि होपेई या प्रांतांच्या सीमाभागात आले. हा भाग शत्रूच्या ठाण्यांनी चहूकडून वेढलेला. इथेच कॅनडाचे प्रसिद्ध सर्जन नॉर्मन बेथ्यून काम करत होते. शस्त्रक्रिया करताना बोटाला जखम झाली, तिचे विष अंगात भिनले आणि १२ नोव्हेंबर १९३९ रोजी ते वारले. जखमींनी डॉक्टरकडे येण्याची वाट पाहू नका, डॉक्टरने जखमींकडे जावे, ही बेथ्यून यांची शिकवण. शस्त्रक्रियेचे सगळे सामान खेचरांच्या पाठीवर लादून नेता यावे, अशी व्यवस्था त्यांनी बसवली होती. एखाद्या पडक्या देवळात दारे काढून त्यांचे टेबल करायचे, चादरींनी छत झाकायचे, की झाले ऑपरेशन थिएटर. त्या रिकाम्या जागेवर आपला सोलापूरचा माणूस उभा राहिला.

ऑगस्ट १९४० मध्ये तिथे मोठी मोहीम सुरू झाली. शंभर रेजिमेंटांची मोहीम या नावाने ती ओळखली जाते. रेल्वेमार्ग, पूल, ठाणी यांच्यावर एकाच वेळी हल्ले झाले. साहजिकच जखमींची रीघ लागली. त्या काळात एका लढाईत कोटणीस ७२ तास न झोपता शस्त्रक्रिया करत राहिले आणि ८०० हून अधिक जखमींवर त्यांनी उपचार केले, अशी नोंद आहे.

७२ तास म्हणजे तीन दिवस आणि तीन रात्री. आपल्याकडे विसर्जनाच्या दिवशी सकाळी सातपासून दुसऱ्या पहाटेपर्यंत उभे राहणारे कार्यकर्ते इथे आहेत. वीस-बावीस तासांनी पायांचे काय होते, डोळ्यांसमोर कसे फिरते, ते त्यांना विचारा. त्यात हातात ढोलाची काठी नाही, शस्त्रक्रियेची सुरी आहे. समोर कंदिलाचा उजेड. बाहेर स्ट्रेचरची रांग, आणि रांगेतला पुढचा माणूस आपला नंबर येईपर्यंत जगेल की नाही हे ठाऊक नाही. बहुतेक स्ट्रेचर वाहून आणणारे शेतकरी. रात्रीच्या अंधारात, डोंगरातल्या पायवाटांनी, मैलोन् मैल. त्यांची नावे कुठल्याच यादीत नाहीत. सर्जनच्या हातापर्यंत जखमी पोहोचला तो त्यांच्या खांद्यांवरून.

जानेवारी १९४१ मध्ये कोटणीस बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे पहिले संचालक झाले. नाव मोठे, पण इमारत म्हणाल तर खेड्यातली घरे, आणि शत्रू जवळ आला की आख्खे रुग्णालय रातोरात दुसऱ्या गावी हलवायचे. चालू शकणारे जखमी चालत, बाकीचे खांद्यांवर. गावकरी आपल्या घरात जखमींना लपवून ठेवत.

याच काळात त्यांनी जे दुसरे काम केले ते शस्त्रक्रियेइतकेच महत्त्वाचे, असे आम्हाला वाटते. ते शिकवू लागले. बेथ्यून यांच्या नावाच्या वैद्यकीय शाळेत खेड्यातली पोरे-पोरी शिकायला येत. त्यांना इंग्रजी येत नसे, आणि दुभाष्यामार्फत शस्त्रक्रिया शिकवता येत नाही. म्हणून कोटणिसांनी चिनी भाषा अशी आत्मसात केली की तिच्यात वर्ग घ्यावेत, टिपणे काढावीत. शस्त्रक्रियेवर विद्यार्थ्यांसाठी पुस्तक लिहायला घेतले. एक डॉक्टर आयुष्यात किती ऑपरेशने करील? पण त्याने शंभर जणांना शिकवले, तर तो गेल्यावरही ऑपरेशने चालू राहतात. चीनमध्ये त्यांचे नाव आजवर टिकले, त्याचे खरे कारण आम्हाला यात दिसते.

लोक त्यांना ‘लाओ के’ म्हणत. लाओ म्हणजे जुना, वडीलधारा. आपण जिव्हाळ्याने ‘राव’ लावतो तसेच. खेड्यातल्या बायाबापड्यांनी त्यांना ‘काळी आई’ असेही नाव दिले होते. रंगाने सावळे आणि जखमींना आईसारखे जपणारे, म्हणून काळी आई. त्या बिचाऱ्यांना काय ठाऊक, की मराठीत काळी आई म्हणजे जमीन! जी पिकवते, पोसते आणि शेवटी पोटात घेते ती. त्या नावात पुढचे सगळे येऊन गेले.

१९४१ च्या अखेरीस त्यांचा विवाह झाला. क्वो छिंग-लान ही त्याच वैद्यकीय शाळेतली परिचर्या शिकवणारी तरुणी. २३ ऑगस्ट १९४२ रोजी मुलगा झाला. नाव ठेवले ‘यिन-हुआ’. यिन म्हणजे भारत आणि हुआ म्हणजे चीन.

पण शरीर थकले होते. त्यांना अपस्माराचे झटके येऊ लागले होते. मागे जाऊन विश्रांती घ्या, उपचार घ्या, असा आग्रह होत होता. वर्ग चालू होते, जखमी येत होते, पुस्तक अर्धे होते. ९ डिसेंबर १९४२ च्या पहाटे, झटक्यांमागून झटके येऊन, त्यांची प्राणज्योत मालवली. वय अवघे बत्तीस. मूल साडेतीन महिन्यांचे. आपल्याकडे तेव्हा ‘चले जाव’ पेटलेले होते, नेते तुरुंगात होते. लढाईच्या मुलखातून सोलापूरपर्यंत बातमी यायला किती डोंगर ओलांडावे लागले असतील! डॉ. बसू १९४३ मध्ये परतले. पुढे याच बसूंनी चीनमधून ॲक्युपंक्चर शिकून ते भारतात रुजवले.

आता पदकांविषयी थोडे. अशा सेवेला पदक मिळत नाही असे नाही. आपल्या नगर जिल्ह्यातले शिपाई नामदेव जाधव, मराठा लाइट इन्फंट्रीचे. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीत सेनियो नदीवर त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळवून देणारा पराक्रम घडला. शत्रूची तीन ठाणी त्यांनी एकट्याने बंद पाडली, हे आपण सांगतो. पण त्याआधी काय केले ते पाहा. छातीभर पाणी, समोर उभा चढ, वाटेत सुरुंग, वरून मशीनगनचा मारा. अशात एका जखमीला पाठीवर घेऊन त्यांनी पलीकडे पोचवले आणि दुसऱ्यासाठी पुन्हा परत गेले. जखमी सुरक्षित झाल्यावरच ते ठाण्यांवर धावले. ते काही ॲम्ब्युलन्स तुकडीतले नव्हते, निरोप्या शिपाई होते.

आणि स्वतंत्र भारताची ६० वी पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्स. नोव्हेंबर १९५० मध्ये ही तुकडी लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या नेतृत्वाखाली कोरियाच्या युद्धात गेली. कडाक्याच्या थंडीत सैन्याची माघार सुरू झाली. सामान न्यायला गाड्या नाहीत. सामान टाकून द्यावे तर जखमींवर उपचार कशाने करणार? या पठ्ठ्यांनी प्याँगयांगमध्ये एक जुने इंजिन शोधले, ते चालू केले, डब्यांत सगळे सामान भरले आणि पूल उडवला जाण्यापूर्वी नदीपार नेले. मार्च १९५१ मध्ये त्यांच्यातले बारा जण अमेरिकन छत्रीधारी सैनिकांबरोबर विमानातून आघाडीवर उतरले. रंगराज यांना महावीर चक्र मिळाले. आता गंमत पाहा. कोरियात चिनी सैन्य समोरच्या बाजूला होते. बारा वर्षांपूर्वी आपले डॉक्टर चिनी जखमींना वाचवत होते. आता त्यांच्याशी लढणाऱ्यांच्या जखमा बांधत होते. यात विसंगती नाही. जखमीला बाजू नसते. याच तुकडीचा वारसा सांगणारे ६० वे पॅरा फील्ड हॉस्पिटल फेब्रुवारी २०२३ मध्ये तुर्कस्तानच्या भूकंपात इस्केंदेरून येथे धावून गेले, ते आपण टीव्हीवर पाहिलेच.

कोटणीस कुठल्याही सरकारचे सैनिक म्हणून गेले नव्हते, त्यामुळे त्यांच्या छातीवर पदक लागले नाही. त्यांना मिळाले ते वेगळे. चीनमधल्या शिच्याच्वांग शहराच्या हुतात्मा स्मशानभूमीत एका बाजूला बेथ्यून आणि दुसऱ्या बाजूला कोटणीस यांची समाधी आहे. तिथे त्यांच्या नावाची वैद्यकीय शाळा आहे आणि शिकून बाहेर पडणारी मुले त्यांच्या पुतळ्यासमोर शपथ घेतात. चीनने १९८२ मध्ये आणि भारताने १९९३ मध्ये त्यांच्यावर टपाल तिकिटे काढली. चीनचे मोठे नेते भारतात आले की कोटणीस कुटुंबीयांची आवर्जून भेट घेत. सोलापूरच्या राहत्या घराचे महापालिकेने स्मारक केले, ते २०१२ पासून खुले आहे. मुलगा यिन-हुआ हा वैद्यकीय शिक्षण घेत असतानाच १९६७ मध्ये गेला. क्वो छिंग-लान अनेकदा भारतात, सासरी येऊन गेल्या. २०१२ मध्ये शहाण्णवाव्या वर्षी त्या वारल्या. दोन्ही देशांत १९६२ साली काय झाले, आणि अलीकडे सीमेवर काय झाले, ते आपण विसरलेलो नाही आणि विसरूही नये. पण सरकारे भांडली तरी त्या समाधीवरची फुले थांबली नाहीत, हेही खरे आहे.

मंडळी, आता आपल्या सुरतेचे बोलू. कोटणिसांचे मोठेपण आम्हाला एका साध्या क्रियापदात दिसते : थांबणे. जाताना पाचही जण शूर होते. लढाईवर जाणे हेच शौर्य. पण वडील गेले तेव्हा थांबणे, सोबती परतले तेव्हा थांबणे, शरीर थकले तेव्हाही थांबणे, हे फार थोड्यांचे काम.

थांबणे म्हणजे काय, हे या शहराने पाहिले आहे. सप्टेंबर १९९४. विसर्जन होऊन चार दिवसही झाले नसतील, तोच प्लेगची बातमी फुटली. आम्ही तेव्हा शाळेत होतो. टेट्रासायक्लिनच्या गोळ्या दुकानांतून नाहीशा झाल्या. तोंडाला रुमाल बांधलेली माणसे रेल्वे स्टेशनवर आणि बस डेपोवर लोटली. लाखो लोक काही दिवसांत शहर सोडून गेले. आपल्यापैकी कितीतरी घरे नंदुरबार, धुळे, जळगावकडे गेली. त्यात दोष कुणाचाच नाही. लेकराबाळांना घेऊन माणूस जाणारच. अनेक खाजगी दवाखान्यांची दारे बंद झाली. पण नव्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये निवासी डॉक्टर, सिस्टर, वॉर्डबॉय आणि सफाई कामगार दिवसरात्र उभे होते. बाहेर पळणाऱ्या गर्दीच्या उलट दिशेने रोज ड्यूटीवर जाणाऱ्या सिस्टर आपल्या वस्त्यांतही होत्या. त्यांच्या घरी लहान मुले होती. त्यांना कुठले चक्र मिळाले नाही, चित्रपटही निघाला नाही. आमच्या दृष्टीने त्या कोटणिसांच्याच साखळीतल्या कड्या. २००६ च्या तापीच्या पुरात आणि पुढे कोरोनाच्या दिवसांत पुन्हा अशीच माणसे दिसली.

दुसरी गोष्ट आपल्या सर्वांच्या जवळची आहे. आपण इथे कुणी तीन पिढ्यांचे, कुणी पाच पिढ्यांचे. आपली मुले घरात मराठी, गल्लीत गुजराती, शाळेत इंग्रजी बोलतात. महाराष्ट्रात गेलो की ‘तुम्ही सुरतेकडचे’ आणि इथे ‘तमे मराठी’. कधी कधी वाटते, आपण नेमके कुठले? कोटणिसांकडे पाहिले की या प्रश्नाची टोचणी कमी होते. ते सोलापूरचे होते आणि शेवटपर्यंत सोलापूरचेच राहिले. पण ज्या गावात काम मिळाले तिथली भाषा ते शिकले, तिथल्या माणसांचे झाले आणि तिथल्या मातीत गेले. मुलाच्या नावात त्यांनी दोन्ही देश ठेवले, एकासाठी दुसरा सोडला नाही. ज्या गावच्या दुखण्यात आपण उभे राहतो ते गाव आपले होते. आपल्या आजोबांनीही हेच केले. म्हणून आज इथे हा मांडव आहे.

नुसते भाषण ऐकून घरी जायचे नसेल, तर कार्यकारिणीपुढे दोन गोष्टी नम्रपणे ठेवतो. रक्तदान शिबिर आपण दरवर्षी घेतो, ते चालू राहीलच. त्याला जोडून दरवर्षी आपल्या वीस तरुण-तरुणींना प्रथमोपचाराचे रीतसर शिक्षण द्यावे. रक्त कसे थांबवायचे, बेशुद्ध माणसाला कसे वळवायचे, मोडलेला पाय न हलवता कसे उचलायचे, आणि अपस्माराचा झटका आलेल्याला चप्पल हुंगवायची नाही, तोंडात काही कोंबायचे नाही, कुशीवर वळवून डोक्याखाली मऊ काहीतरी द्यायचे आणि झटका पाच मिनिटांत थांबला नाही तर तडक इस्पितळ गाठायचे. ज्या आजाराने कोटणीस गेले, त्याविषयीचे आपले अज्ञान घालवणे हीदेखील त्यांना श्रद्धांजलीच. या वीस जणांची तुकडी विसर्जनाच्या मिरवणुकीत स्ट्रेचर आणि पेटी घेऊन ढोलपथकाच्या मागे चालावी. ढोल वाजवणाऱ्यांइतकाच मान त्यांना मिळावा. ती आपली छोटीशी फील्ड ॲम्ब्युलन्स.

आणि दुसरे, शाळेच्या सुट्टीत मुलांना पंढरपूर-तुळजापूरला नेताना सोलापूरला अर्धा दिवस काढा. कोटणिसांचे घर दाखवा. येताना एकदा हरिपुऱ्यालाही थांबा. आपल्यापासून तासाभराच्या वाटेवर आहे. तापीच्या काठावरून कुणीतरी दूरच्या माणसांच्या दुःखाची दखल घेतली, आणि सोलापूरच्या एका मुलाने तिला आपले आयुष्य दिले, एवढे मुलांना सांगा. बाकीचे त्यांचे ते समजून घेतील.

विघ्नहर्त्याला आपण विघ्ने दूर करण्याची विनंती करतो. पण तो हे काम बहुधा माणसांच्याच हातांनी करवून घेतो. तसे हात आपल्या घरांतून निघावेत, एवढेच मागणे त्याच्या चरणी ठेवतो आणि आपली रजा घेतो. प्रसाद थंड होण्याआधी संपवले, असे आम्हाला वाटते.

गणपती बाप्पा मोरया!